उभे, आडवे आणि गूढ: एका कोड्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ जून, रविवार

आजपासून ही वही सुरू करते आहे. सांगलीतल्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षे मुद्रिते तपासली आणि निवृत्तीला सहा वर्षे झाली, तरी हातातली तांबडी पेन्सिल काही सुटलेली नाही. दर रविवारी सकाळी इंग्रजी दैनिकातील गूढ शब्दकोडे सोडवण्याचा माझा नेम हे त्याच सवयीचे शेपूट असावे. मुद्रितशोधकाने वाक्याच्या अर्थात गुंतायचे नसते, तो गुंतला की चूक निसटते. त्याने अक्षरे पाहायची असतात. गूढ कोड्यातही नेमके हेच करावे लागते.

प्रकल्प असा आहे. गणपती बसायला चौदा आठवडे आहेत. तोपर्यंत मराठीतले एक पूर्ण गूढ कोडे रचायचे आणि ते आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर लावायचे, असे मी आणि भावोजींनी ठरवले आहे. भावोजी गणिताचे निवृत्त शिक्षक असून गेली तीन वर्षे रविवारी माझ्यासोबत कोड्याला बसतात. मराठी वृत्तपत्रांत शब्दकोडी असतात आणि ती मी आवडीने सोडवते, पण त्यांतली बहुतेक सूत्रे समानार्थी शब्द विचारून थांबतात. ‘कमळ’ दिसले की ‘पंकज’ लिहायचे, ‘नीरज’ बसत असेल तर तो लिहायचा. त्यात स्मरणशक्तीची परीक्षा होते, पण वाक्याने फसवले आणि मग आपण त्या वाक्याला पकडले, असा अनुभव येत नाही.

आजच्या इंग्रजी कोड्याला दोघांना मिळून दोन तास चाळीस मिनिटे लागली. चार घरे रिकामी राहिली.

९ जून, रविवार

पुतणी पुण्याहून आली होती. “काकू, तुम्ही दोघे दोन-दोन तास एका कागदावर वाकून नेमके काय करता?” असे तिने विचारले, त्यामुळे आज पहिला तास समजावण्यात गेला. तिला जे सांगितले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मराठी सूत्रे रचताना तपासायला हाताशी राहील.

गूढ सूत्राच्या दोन बाजू असतात. एका बाजूला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि दुसऱ्या बाजूला ते उत्तर कोणकोणत्या तुकड्यांनी घडले त्याची कृती असते. अर्थ नेहमी सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नसतो. मात्र दोन्ही बाजू एकाच वाक्यात इतक्या बेमालूम जोडलेल्या असतात की सांधा दिसत नाही. सोडवणे म्हणजे तो सांधा शोधणे. सांधा सापडला की उरते ती बहुधा हमाली.

इंग्रजी कोडेकारांच्या खोड्या आता माझ्या अंगवळणी पडल्या आहेत. ‘फ्लॉवर’ दिसले की फूल सोडून नदी आठवायची, कारण जी ‘फ्लो’ होते तीही ‘फ्लॉवर’च. ‘वर्कर’ म्हणजे कामगार नव्हे, मुंगी किंवा मधमाशी. एका प्रसिद्ध सूत्रात एचपासून ओपर्यंतची रोमन अक्षरे ओळीने लिहिलेली आहेत, बाकी काही नाही. उत्तर पाच अक्षरी: वॉटर. एच टू ओ! हे ऐकल्यावर पुतणी क्षणभर गप्प झाली आणि मग टेबलावर हात आपटून हसली. तिची सकाळ वाया गेली नाही, एवढे मला त्यावरून कळले.

आमची खरी अडचण इंग्रजी भाषेची नाही, इंग्लंडची आहे. तिथल्या लहानसहान नद्या, सरदारांच्या पदव्या, नाविकांची टोपणनावे, लंडनच्या गल्लीबोळांतली बोली, हे सारे त्या कोड्यांत गृहीत धरलेले असते आणि ते आम्हाला पाठ करावे लागले. क्रिकेटपुरता मात्र आमचा हात धरणारा कोणी नाही. ‘डक’ म्हणजे शून्य म्हणून ओ, ‘मेडन’ म्हणजे एम, ‘लेग’च्या जागी ‘ऑन’. विजय हजारे १९१५ साली ज्या गावात जन्मले तिथल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही, असे भावोजी दर वेळी म्हणतात. आजही म्हणाले.

१६ जून, रविवार

एक तास पंचावन्न मिनिटे, दोन घरे रिकामी. भावोजी खुशीत होते, म्हणून त्यांना १९४२ ची गोष्ट सांगितली. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने त्या वर्षी जानेवारीत बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली होती आणि तिच्यात उतरलेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्कमध्ये शत्रूच्या सांकेतिक संदेशांच्या उकलीसाठी बोलावणे आले. भावोजींनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “वहिनी, आपल्या भरवशावर ते युद्ध अजून चालू असते.”

२३ जून, रविवार

मराठी सूत्रांना हात घातला आणि पहिल्याच तासात पाय घसरला. इंग्रजीतल्या युक्त्या उचलून मराठीत ठेवता येतील असे मी समजून चालले होते, ते तसे नाही.

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकाच्या कोडेकारांची परंपरा याला चांगले उदाहरण आहे. १९२६ पासून तिथे टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी येत. १९३९ मध्ये त्याची जागा झिमेनेसने घेतली आणि १९७२ पासून अझेडने. तिन्ही नावे स्पेनच्या धर्मन्यायपीठावरच्या कर्दनकाळांची आहेत. सोडवणाऱ्यांचा छळ करणारे म्हणून ती गमतीने घेतलेली. तिसरा स्पॅनिश गृहस्थ देझा. रोमन लिपीत त्याचे नाव उलटे वाचले की अझेड होते. हे मी मोठ्या उत्साहाने भावोजींना सांगत होते, तेव्हा त्यांनी ‘देझा’ हे पाटीवर देवनागरीत लिहिले, उलटे केले आणि माझ्यापुढे धरले: ‘झादे’.

सगळी गोम इथे आहे. रोमन लिपीत स्वर सुटा असतो आणि उलटताना तो स्वतःच्या पायांनी चालतो. देवनागरीत तो काना, मात्रा, वेलांटी होऊन व्यंजनाच्या अंगावर बसलेला असतो आणि व्यंजन जाईल तिकडे जातो. म्हणून मराठी कोड्याचा एकक वर्ण नाही, अक्षर आहे. एका घरात एक अख्खे अक्षर, त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर.

ही अडचण मान्य केल्यावर मात्र हाती काही लागू लागले. नदी उलटली की दीन होते. लता उलटली की ताल, कडा उलटला की डाक. ‘कमान’ची अक्षरे फिरवली की ‘मानक’ मिळते. संध्याकाळी भावोजींनी स्वतःचे पहिले सूत्र रचले: ‘वात उलटली; आता यावर भाकरी भाजा (२)’. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. उत्तर तवा. सूत्र बाळबोध आहे, पण त्यात खोट नाही. ते त्यांनी वहिनींच्या वहीत वहिनींच्या हस्ताक्षरात उतरवून घेण्याचा आग्रह धरला, तो मी पुरवला आहे.

३० जून, रविवार

आषाढाच्या तोंडावर पाहुणे. इंग्रजी कोडे अर्धेच झाले. खूणशब्दांची यादी मात्र वाढली. सूत्रात एखादी कृती करायची आहे हे सुचवणारा शब्द म्हणजे खूणशब्द, आणि त्यासाठी मराठीत खजिना आहे. अक्षरांची अदलाबदल करायची तर ‘कालवणे’, ‘विस्कटणे’, ‘घोळ’, ‘मोडतोड’. एका शब्दात दुसरा घालायचा तर ‘पोटात’, ‘गिळला’, ‘कुशीत’. पहिले अक्षर हवे तर ‘तोंड’, शेवटचे हवे तर ‘शेपूट’. उलटे वाचायचे असेल तर ‘माघारी’, ‘फिरला’, आणि उभ्या शब्दात ‘वर चढला’. ‘कालवण’ हा खूणशब्द पाहुण्यांच्या पानात आमटी वाढताना सुचला, हे घरात कोणाला सांगितले नाही.

७ जुलै, रविवार

सायंकाळी भावोजींनी शाळेतल्या संस्कृतच्या तासाची आठवण काढली. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडू लागले, असा सरळ अर्थ लागणारा एक जुना कूटश्लोक आहे. महाभारत माहीत असलेला माणूस पहिल्याच शब्दाला अडखळतो, कारण युद्धात केशव पडलाच नव्हता. मग ‘केशवं’ तोडायचे: ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शवं’ म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडले, ते कावळ्याला आयते मिळाले आणि काठावरचे कोल्हे रडत बसले. ज्या युक्तीवर इंग्रजांचे कोडे उभे आहे तीच ही युक्ती, आणि आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसाने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे छापले त्याच्या कितीतरी आधीची.

व्याकरणाच्या पुस्तकात सभंग श्लेषाखाली आम्ही ‘औषध नलगे मजला’ शिकलो. ‘न लगे’ असे तोडले तर औषध नको आणि ‘नल गे’ असे तोडले तर नलराजा हेच औषध. परीक्षेत दोन गुणांसाठी जे पाठ केले ते मराठी गूढ कोड्याचे मूळ तत्त्व होते, हे कळायला मला साठी उलटावी लागली. उलटे वाचण्याचे उदाहरण तर घरोघरी माहीत आहे: वाल्या कोळ्याच्या तोंडून ‘राम’ येईना म्हणून त्याला ‘मरा’ दिले गेले.

या सगळ्यामुळे एक निर्णय झाला. इंग्रजीच्या बरोबरीने चालण्याचा हट्ट सोडायचा आणि तोडणे, उलटणे, दोन अर्थ लावणे या तीन पायांवर आपले कोडे उभे करायचे.

१४ जुलै, रविवार

चौकट आखायला बसलो. भावोजींनी इंग्रजीप्रमाणे पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ घरांची चौकट काढली आणि ती अर्धा फेरा फिरवली तरी काळी घरे जिथल्या तिथे दिसली पाहिजेत, असा नियमही घातला. दुपारी दोनपर्यंत आमचे सात शब्द बसले होते आणि आठवा कुठेही बसत नव्हता.

कारण मोजून पाहिले. इंग्रजीत एका घरात येऊ शकणारी अक्षरे २६. मराठीत चौतीस व्यंजनांना बाराखडी लावली की तीच ४०८ होतात, सुटे स्वर आणि जोडाक्षरे आणखी वेगळी. उभा आणि आडवा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोघांचेही अक्षर काना-मात्रेसह एकच हवे. म्हणजे ‘बेदाणे’ उभा घातला तर मधल्या घरातून आडवा जाणारा शब्द ‘द’चा नाही, ‘दा’चाच हवा. भावोजींनी तोडगा सुचवला की छेदाच्या घरात फक्त व्यंजन जुळले तरी चालवून घ्यावे. मी स्पष्ट नकार दिला. एकाच घरात ‘द’ही आणि ‘दा’ही लिहिलेले पाहायला मी चौतीस वर्षे तांबडी पेन्सिल चालवली नाही.

शेवटी नऊ गुणिले नऊ. ८१ घरांत एकोणीस शब्द. ‘दा’साठी ‘दाभण’ सापडला, त्याने ‘बेदाणे’ला पोत्यासारखे शिवून टाकले. ‘णे’ची अडचण भाषेनेच सोडवली, कारण मराठीतले प्रत्येक क्रियापद शब्दकोशात ‘णे’ लावून बसलेले असते. ‘उगाळणे’ घेतले. ‘ळ’ने मात्र छळले. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, म्हणून ‘हळद’चा मधला ‘ळ’ उभ्या शब्दाच्या पोटात किंवा शेवटीच गेला पाहिजे. वर चार घरे मोकळी होती. ‘सकाळ’, ‘बाभूळ’, ‘तांदूळ’ असे तिन्ही उमेदवार तीन घरांचे निघाले, म्हणून एक काळे घर वाढवावे लागले, आणि मग सममितीसाठी समोरच्या कोपऱ्यातही एक.

२४ जुलै, बुधवार

रविवारची नोंद आज, कारण रविवारचे एक घर आज भरले.

सूत्राचा पहिला महत्त्वाचा शब्द ‘नंबर’ होता. पुढे शस्त्रक्रियेचा उल्लेख होता आणि उत्तर पाच अक्षरी होते. तीन दिवस मी संख्या शोधत होते. ‘सेव्हन’, ‘एट’, रोमन आकडे, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या पदव्यांची आद्याक्षरे, सगळे लावून पाहिले. भावोजींनी मूळ संख्यांचीही यादी केली.

आज दाढेसाठी दवाखान्यात गेले होते. पाऊस चालू होता, बाकड्यावरची माणसे आयर्विन पुलाखालच्या पाण्याची पातळी एकमेकांना विचारत होती, आणि आतून मुलगी दर थोड्या वेळाने पुकारत होती: नंबर सहा, नंबर सात. माझा आठ. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली आणि म्हणाले, “पाच मिनिटांत बधिर होईल, मावशी.” ओठाची कड जड होत गेली, मग जीभ, आणि तेवढ्यात उजेड पडला. बधिर म्हणजे ‘नम’. जो बधिर करतो तो ‘नमर’, आणि लिहिताना तो हुबेहूब ‘नंबर’सारखा! उत्तर ईथर. तोंडात कापूस असल्यामुळे मला ओरडता आले नाही.

‘नंबर’ हा शब्द आम्ही रेशनच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत मराठी म्हणूनच वापरतो, त्यामुळे तो फोडून पाहण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. ज्या शब्दावर आपला संशय जात नाही तिथेच सांधा असतो, असे भावोजींना घरी येऊन लिहून दाखवले, कारण बोलता येत नव्हते.

११ ऑगस्ट, रविवार

आज माझी चूक. ती सविस्तर लिहिणे भाग आहे.

‘भडंग’साठी मी गेल्या आठवड्यात सूत्र रचले होते: ‘तुटण्याच्या पोटात डमरूचे तोंड, सांगलीचा चटकदार फराळ (३)’. तुटणे म्हणजे भंग, त्याच्या पोटात डमरूचे पहिले अक्षर ‘ड’. मला ते इतके आवडले की मी त्याच्या तीन प्रती काढून पुतणीला, भावोजींना आणि शेजारच्या वकीलसाहेबांना दिल्या. पुतणीचा दुपारी फोन आला. “काकू, उत्तर ‘भंडग’ येतंय.”

खरोखरच येत होते. ‘भंग’मधला अनुस्वार ‘भ’च्या डोक्यावर आहे. मध्ये ‘ड’ घातला म्हणून तो उडी मारून ‘ड’वर जाणार नाही. देझाच्या पाटीवर हेच तत्त्व भावोजींनी दाखवले होते, आणि एक टिंब चुकीच्या अक्षरावर पडले म्हणून आख्खी पाने परत पाठवणारी मी! वकीलसाहेबांनी मोठ्या मनाने सांगितले की त्यांनी ते सोडवलेच नव्हते.

दुरुस्त सूत्र: ‘भर डंक्यात गर्दीची तोंडे, सांगलीचा चटकदार फराळ (३)’. तोंडे म्हणजे तिन्ही शब्दांची पहिली अक्षरे. इथे अनुस्वार जिथला तिथे आहे. चार वेळा तपासले.

याच निमित्ताने ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न निघाला. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटसुलट सारखेच, असे आपण लहानपणापासून सांगतो, पण पहिली ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची ‘ची’ दीर्घ. ‘रामाला भाला मारा’ मात्र काटेकोर उतरते. भावोजींच्या मते चिमाला सूट द्यावी. मी दिली नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

पुतणी दोन दिवस राहिली, म्हणून तिच्यावर सगळी सूत्रे चालवून पाहिली. ती वाचताना कुठे थांबते, कुठे पेन्सिल ठेवते, हे मी समोर बसून टिपत होते.

‘काका, कडी काढा; आत कोशिंबिरीला हवी ती आहे (३)’ हे तिने पाहता पाहता सोडवले. ‘काका कडी’ यातच ‘काकडी’ अखंड बसलेली आहे. ‘कारस्थानाच्या पोटात पायाचे तोंड, पुस्तके इथे ठेवा (३)’ यावर ती थोडी रेंगाळली, मग ‘कट’मध्ये ‘पा’ घालून ‘कपाट’ काढले. ‘भट्टीत भाजलेले खानापूर तालुक्यातले शहर (२)’ यावर मात्र ती दहा मिनिटे अडली. उत्तर ‘विटा’. तिचे म्हणणे असे की विटा भाजलेल्या असतात, ‘भाजलेले’ नसतात. लिंग-वचन जुळत नाही. ती बरोबर होती.

हा प्रश्न इंग्रजी कोडेकाराला पडतच नाही. त्याचे विशेषण कोणापुढेही तसेच उभे राहते आणि त्याचे ‘इट’ काहीही लपवते. मराठीत क्रियापद आणि विशेषण उत्तराचे लिंग फोडून मोकळे होतात, आणि विभक्ती लागली की नाम सामान्यरूप घेते. सूत्रात ‘घोडा’ हा शब्द जसाच्या तसा वापरायचा असेल तर त्याच्या पोटात काही घालता येत नाही, कारण पोट म्हटले की तो ‘घोड्याच्या’ होतो. ‘काका, कडी’ जमले, कारण काकांना हाक मारली तरी ते काकाच राहतात. ‘वात उलटली’ जमले, कारण वात कर्ता आहे. ‘वातीला उलटवले’ असे लिहिले असते तर उलटून हाती काय आले असते, देव जाणे.

इंग्लंडमधल्या आफ्रिट या कोडेकाराने घालून दिलेला दंडक मला मान्य आहे: सूत्राने वाचकाला भुलवावे, पण शब्द शब्द तपासला असता त्यात खोटे काही निघू नये. त्या न्यायाने ‘विटा’चे सूत्र बदलले: ‘खानापूर तालुक्यात भिंतीसाठी रचतात त्या (२)’. दिसायला जरा फिके झाले आहे. मला आधीचे आवडत होते, पण आवड हा पुरावा नव्हे. लिंग लपवायचे नाही, तो सोडवणाऱ्याचा हक्काचा आधार मानायचा, हेही ठरले.

‘मुलांना शाळेत सोडायला येणारी भाजी (३)’ यावर तिने ‘पालक’ लिहिले आणि रात्री जेवताना पुन्हा आठवून हसली.

२५ ऑगस्ट, रविवार

दोन सूत्रे एकाच बैठकीत बसली, तीही आमच्या मुलखाची.

‘पाढ्यातल्या दोनांपुढे शेंगांतले टाका, तासगावच्या सौद्यात विकले जातील (३)’. पाढ्यात दोनांना आपण ‘बे’ म्हणतो, शेंगांत दाणे असतात: बेदाणे. आणि ‘हत्तीचे तोंड दिसताच दळ माघारी फिरले, सांगलीच्या बाजारात भाव खाते (३)’. हत्तीचे पहिले अक्षर ‘ह’, त्यानंतर उलटलेले ‘दळ’, म्हणजे हळद. ‘भाव खाते’ आपोआप दुहेरी झाले, त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

खरे समाधान तिसऱ्याने दिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याविषयी भावोजी बोलत होते आणि मी ‘सतार’ कागदावर तोडत होते. सपत्नीक म्हणजे पत्नीसह, सकुटुंब म्हणजे कुटुंबासह. मग ‘सतार’? सूत्र झाले: ‘तारेसह असते ती, मिरजेत घडते ती (३)’. ‘स’ आणि ‘तार’ जोडून शब्द घडतो, आणि तेच वाक्य सतारीचे सरळ वर्णनही आहे. इथे दोन बाजूंना जोडणारा सांधाच उरत नाही. इंग्रजी कोड्यांत असे सूत्र सापडले की आम्ही कडेला चांदणी काढतो. वहीत आज स्वतःच्या सूत्रापुढे ती काढायला संकोच वाटला, म्हणून भावोजींनी काढली.

इंग्रजी कोडे आज उघडलेही नाही. एकोणीस वर्षांत असा रविवार आठवत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

अंतिम प्रत तयार झाली. एकोणीस सूत्रे, त्यांतली अकरा माझी, पाच भावोजींची, तीन पुतणीची. भावोजींची पाचही उलट वाचायची आहेत. मंडळाच्या मुलांना समजावे म्हणून वर चार ओळींत पद्धत लिहिली आणि ‘तवा’ सोडवून दाखवला. मुद्रित तीन वेळा वाचले: एकदा सरळ, एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे आणि एकदा फक्त आकडे.

११ सप्टेंबर, बुधवार

शनिवारी गणपती बसले, रविवारी सकाळी कोडे फळ्यावर गेले. पहिले दोन दिवस लोक फळ्यापाशी थांबत, वाचत आणि पुढे जात. ‘हे काय, म्हणी आहेत का?’ असे एका आजींनी विचारल्याचे कानावर आले.

सोमवारी संध्याकाळी ‘बेदाणे’ भरलेले दिसले. ते बाजारात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांनी भरले होते. पाढा म्हणून पाहिला आणि ‘बे’ला थांबलो, असे त्यांनी मुलांना सांगितले. मंगळवारी ‘पालक’, ‘काकडी’, ‘भडंग’. ‘सतार’च्या घरात कोणीतरी ‘वीणा’ लिहून खोडले होते. तीन घरांत दोन अक्षरे बसत नाहीत हे उशिरा लक्षात आले असावे. आज दुपारपर्यंत एकोणीसपैकी चौदा झाली. ‘विटा’ अजून रिकामे आहे, आणि पहिलेच सूत्र ठेवायला हवे होते असे पुतणी आता फोनवर म्हणते.

भावोजी आज आरतीनंतर चुरमुऱ्यांच्या पुडीचा कागद उलगडून माझ्यापुढे ठेवून गेले. पाठीमागे पेन्सिलीने लिहिले होते: ‘वारा फिरला की बोलू लागतो (२)’. जाताना दारातून म्हणाले, “वहिनी, लगेच सांगू नका. उद्या सकाळपर्यंत तरी अडलात असे दाखवा.” उत्तर मला त्यांची चप्पल पायात जाण्यापूर्वीच आले होते. मी कागदाची घडी घालून वहीत ठेवली आहे.